वाचक विचारतात: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची नवी पुस्तके घ्यावीत का?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सुधारित नियमपुस्तकांविषयी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी बरीचशी प्रश्नापेक्षा तक्रारीच्या सुरात असतात. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, एक जण डीएम (डंजन मास्टर) म्हणून गोष्ट आणि उरलेले सगळे जग चालवतो, आणि काय साधले, काय फसले याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. प्रत्येक पात्राचा एक क्लास, म्हणजे पेशा असतो, खेळता खेळता ते लेव्हल, म्हणजे पायऱ्या चढत बळकट होते, आणि अनेक बैठका चालणाऱ्या सलग गोष्टीला कॅम्पेन म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आम्हाला लिहिणारे बहुतेक जण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर वाढलेले आहेत आणि त्यांचा वाद २०२४ च्या पुस्तकांशी आहे.

प्रश्न: कॉलेजात जमलेला आमचा गट अजूनही रविवारी संध्याकाळी एका मित्राच्या घरी खेळतो. आमचे कॅम्पेन आठव्या लेव्हलला आले आहे. निम्म्या जणांना नवे नियम हवे आहेत. उरलेले म्हणतात की ही नाव न घेता आणलेली सहावी आवृत्तीच आहे आणि आपला खिसा पुन्हा कापला जातो आहे. खरे काय मानावे, आणि कॅम्पेन चालू असताना बदल करावा का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: प्रकाशक तिला सहावी आवृत्ती म्हणत नाहीत आणि सांगाडा पाहिला तर ते खोटेही नाही. तेच सहा गुण (स्ट्रेंग्थ म्हणजे शक्ती, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा, विझ्डम म्हणजे शहाणपण वगैरे), तोच आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा), तेच हिट पॉइंट (पात्र किती इजा सोसेल तो आकडा) आणि तोच वीस बाजूंचा फासा असल्यामुळे २०१४ च्या नियमांवर लिहिलेले साहस (छापील कथानक) नव्या पुस्तकांवर चालवता येते. ऑगस्ट २०२२ मध्ये या सुधारणेची घोषणा झाली, मसुदे खेळाडूंपुढे ठेवून त्यांचे अभिप्राय मागवले गेले, आणि त्यानंतर प्लेअर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये, डंजन मास्टर्स गाइड नोव्हेंबरमध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये आले.

तरीही तुमच्या मित्रांचा संशय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि तीनच वर्षांत तिची साडेतीनवी आवृत्ती विकत घ्यावी लागली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर इतके खेळाडू दुखावले, की पुढच्याच वर्षी जुन्या नियमांवर उभ्या राहिलेल्या ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाकडे त्यातले पुष्कळ जण निघून गेले. या वेळीही ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीच्या डिजिटल सेवेवर जुने स्पेल (मंत्र) आणि जादूच्या वस्तू काढून त्यांच्या जागी परस्पर नवे घालण्याचे ठरले होते. खेळाडूंनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला.

मध्येच बदल करावा का, हे तुमच्या टेबलावर कोण काय खेळते यावर अवलंबून आहे. कोणी पॅलाडिन (धर्मयोद्धा) असेल तर त्याला आधी बाजूला घेऊन बोला. जुन्या नियमांत त्याचा वार लागला की तो तिथल्या तिथे स्माइट (जादा इजा करणारा दैवी प्रहार) जोडू शकत असे, आणि एका टर्नमध्ये दोन वार लागले तर दोन्हींना जोडू शकत असे. आता स्माइट हा एक स्पेल झाला आहे, त्याला बोनस ॲक्शन (टर्नमधली एकमेव छोटी जादा कृती) खर्चावी लागते, तो टर्नमध्ये एकदाच चालतो आणि शत्रूपक्षातला जादूगार काउंटरस्पेलने तो हाणूनही पाडू शकतो. आठ लेव्हल एका पद्धतीने खेळलेल्या माणसाला यात काहीतरी हिरावून घेतल्यासारखे वाटणारच. त्याच्या शेजारी मंक (लढवय्या संन्यासी) खेळणारा मात्र खूश असेल, कारण पूर्वी त्याला फक्त बाण आणि फेकलेली शस्त्रे अडवता येत होती, आता तलवारीचा वारही अडवता येतो. मला विचाराल तर गोष्टीचा चालू टप्पा जुन्याच नियमांवर संपवा, आणि बदल करायचा ठरलाच तर सगळ्यांनी एकाच दिवशी करा. एकाने जुने आणि दुसऱ्याने नवे पुस्तक धरले की ‘कॉन्ज्युअर ॲनिमल्स’सारखा स्पेल टेबलावर येतो आणि एकाच नावाच्या दोन गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात: जुन्यात आठ खरेखुरे लांडगे, नव्यात सगळा मिळून एकच आत्मारूप कळप. आठ लांडग्यांच्या आठ टर्न ज्यांनी कंटाळून पाहिल्या आहेत त्यांना त्यातले कुठले हवे ते सांगायला नको.

प्रश्न: मी फायटर खेळते. नव्या पुस्तकातल्या वेपन मास्टरीमुळे लढाई रंगतदार झाली असे मला वाटते, पण गटातल्या बाकीच्यांच्या मते माझा टर्न संपता संपत नाही. चूक कोणाची? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: चूक कोणाचीच नाही, पण तुमच्या गटाचे घड्याळ बरोबर आहे. जुन्या आवृत्तीत फायटरचा टर्न म्हणजे ‘मी मारते, लागले का, किती लागले’ एवढाच होता, आणि जादूगार दोन पाने स्पेल चाळत असताना फायटर खेळणाऱ्याने मोबाइल चाळावा अशी स्थिती होती. नव्या पुस्तकात प्रत्येक शस्त्राला एकेक खास गुण, म्हणजेच मास्टरी, दिला आहे. लाँगस्वोर्डचा वार लागला तर शत्रूचा पुढचा हल्ला कमकुवत होतो, ग्रेटस्वोर्डचा वार चुकला तरी थोडी इजा होतेच, वॉरहॅमरने शत्रूला दहा फूट मागे ढकलता येते आणि मॉल या मोठ्या हातोड्याने त्याला आडवा पाडता येतो. पहिल्या लेव्हलच्या फायटरला अशा तीन शस्त्रांवर प्रभुत्व मिळते. लढवय्या पात्रांवर झालेला इतक्या वर्षांचा अन्याय यामुळे बराच भरून निघाला, असे माझे मत आहे.

वेळ कुठे जातो ते मात्र नीट पाहावे लागेल, कारण सगळ्याच मास्टरी वेळखाऊ नाहीत. ग्रेटस्वोर्डच्या गुणासाठी एकही जादा फासा पडत नाही. अडचण मॉल, बॅटलॲक्स, क्वार्टरस्टाफ या पाडणाऱ्या शस्त्रांची आहे. समजा तुमची फायटर पाचव्या लेव्हलची आहे आणि तिची शक्ती अधिक चार आहे. शत्रूने गाठायचा आकडा असा: ठरलेले आठ, त्यात शक्तीचे चार आणि प्रोफिशियन्सीचे (प्रावीण्याचे) तीन मिळवले की पंधरा होतात. आता प्रत्येक वार लागल्यावर डीएमने शत्रूसाठी कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (परिणाम टाळण्याचा फासा) टाकायचा आणि पंधरा गाठले नाहीत तर तो पडला. तुमचे वार दोन, ॲक्शन सर्ज (टर्नमध्ये जादा कृती देणारी फायटरची क्षमता) वापरला तर चार. म्हणजे चार वेळा हल्ल्याचा फासा, चार वेळा इजेचे फासे आणि त्यांवर चार सेव्ह, आणि प्रत्येक वेळी डीएमने ‘किती गाठायचे म्हणालीस?’ असे विचारायचे.

पंधराचा आकडा कागदाच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहून डीएमच्या पडद्याला लावून टाका, हल्ल्याचा आणि इजेचे फासे एकदमच टाका, आणि शत्रू एकदा पडला की उरलेल्या वारांना सेव्ह मागू नका, कारण पडलेल्याला पुन्हा पाडून काही मिळत नाही. निम्मी कुरकुर एवढ्यानेच थांबेल. उरलेली निम्मी ही आधीच्या आवृत्तीत तुमचा टर्न दहा सेकंदांत संपण्याची सवय झालेल्यांची आहे आणि तिच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

प्रश्न: नव्या रेंजरवर (रानावनात वावरणाऱ्या शिकाऱ्याच्या क्लासवर) एवढी टीका का होते? (एक वाचक, खडकी)

उत्तर: त्याच्या बऱ्याचशा क्षमता ‘हंटर्स मार्क’ या, खूण केलेल्या शत्रूला जादा इजा करणाऱ्या, एकाच स्पेलभोवती गुंफलेल्या आहेत म्हणून. तो कॉन्सन्ट्रेशन मागतो, त्यामुळे तो चालू असताना रेंजरचे इतर अनेक चांगले स्पेल वापरता येत नाहीत. शिवाय विसाव्या लेव्हलला, जिथे इतर क्लासना खरोखर थोर काही मिळते, तिथे रेंजरला मिळते ते म्हणजे त्या स्पेलच्या सहा बाजूंच्या फाशाऐवजी दहा बाजूंचा फासा. टीका रास्त आहे. मात्र खालच्या लेव्हलना हा रेंजर २०१४ च्या रेंजरपेक्षा नक्कीच बरा चालतो, आणि विसाव्या लेव्हलपर्यंत पोहोचणारी कॅम्पेन अशी असतात तरी किती?

प्रश्न: आमच्या गटातला ‘रोग’ (Rogue, म्हणजे चोरट्याचा क्लास) खेळणारा मित्र आता प्रत्येक खांबाआड लपतो, पंधरा टाकतो आणि पुस्तक उघडून दाखवतो की तो ‘इनव्हिजिबल’ (अदृश्य) झाला. मग तो पहारेकऱ्याच्या नाकासमोरून चालत जाऊ पाहतो. मी डीएम आहे. पुस्तकात तसे लिहिले आहे म्हणून मी मान डोलवायची का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर: मान डोलवू नका. नव्या पुस्तकांवरचे बरेचसे वाद ज्या एका जागी येऊन मिळतात, तिथेच तुम्ही बोट ठेवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०१४ च्या पुस्तकात लपता येईल की नाही हे परिस्थिती पाहून डीएमने ठरवायचे होते आणि फासा पहारेकऱ्याच्या नजरेशी ताडून पाहायचा होता. परिणामी एका डीएमकडे रोग प्रत्येक टर्नला लपत असे आणि दुसऱ्याकडे कधीच लपू शकत नसे. नव्या पुस्तकाने आकडा पंधरावर पक्का केला, आडोसा कसला लागेल ते सांगितले आणि यशस्वी झालेल्याला ‘इनव्हिजिबल’ ही अवस्था देऊन टाकली. जे निर्णय पूर्वी टेबलावर होत ते शक्य तिथे छापील पानावर आणायचे, हेच धोरण ठिकठिकाणी दिसते. नवशिक्या डीएमला आणि अनोळखी माणसांबरोबर खेळणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे, हे मान्य करायला हवे. जुने डीएम मात्र चिडतात, कारण त्यांच्या दृष्टीने खेळाची गंमत त्या मोकळ्या जागेतच होती.

तुमच्या मित्राने नियमाचे एकच वाक्य धरले आहे. शत्रूने तुम्हाला शोधले, तुम्ही कुजबुजण्यापेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला किंवा शब्दोच्चार लागणारा स्पेल टाकला की ही अवस्था संपते, असे त्याच नियमात पुढे आहे. लपायला योग्य परिस्थिती आहे की नाही हे डीएमने ठरवायचे, हेही तिथे आहे. उजेडातल्या रिकाम्या ओसरीत डोळे उघडे असलेल्या पहारेकऱ्यासमोर येऊन उभा राहणारा माणूस शोधला गेला, असे म्हणायला कोणत्याही पुस्तकाची परवानगी लागत नाही. खांबापासून खांबापर्यंत पहारेकऱ्याची पाठ असताना त्याला जाऊ द्या. तेवढा त्याचा हक्क आहे.

प्रश्न: जुन्या साहसातल्या राक्षसांना माझे खेळाडू नव्या पात्रांनी दोन फेऱ्यांत झोपवतात. मॉन्स्टर मॅन्युअलही नवे घ्यावे लागेल का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: तुमचा अनुभव बरोबर आहे. पहिल्याच लेव्हलला प्रत्येक पात्राला एक फीट (खास कौशल्य) मिळते, ‘क्युअर वून्ड्स’ हा जखमा भरणारा स्पेल एका आठ बाजूंच्या फाशाऐवजी दोन फाशांइतके बरे करतो, आणि औषधाची कुपी पिणे बोनस ॲक्शनवर आल्यामुळे पिणारा त्याच टर्नमध्ये मारूही शकतो. पात्रे बळकट झाली आणि समोरचे राक्षस जुने राहिले, तर लढाई एकतर्फी होणारच.

नव्या मॅन्युअलमध्ये पाचशेहून अधिक राक्षस आहेत आणि त्यांनाही धार लावली आहे. साधा लांडगाच पाहा. जुना लांडगा चावला की खेळाडू स्ट्रेंग्थचा सेव्ह टाकत असे आणि अकरा गाठले तर उभा राहत असे. नवा लांडगा चावला की मध्यम आकाराचा माणूस सरळ आडवा होतो, सेव्हचे नावच नाही. यामुळे डीएमचे काम झरझर होते हे मी नाकारत नाही. पण वर फायटरच्या मॉलविषयी लिहिले ते आठवा: खेळाडूने राक्षसाला पाडायचे तर राक्षसाला सेव्ह आहे, लांडग्याने खेळाडूला पाडायचे तर खेळाडूला नाही. वेळ वाचवायचाच होता तर तो डीएमच्या फाशांतून वाचवायला हवा होता, खेळाडूच्या हातातला फासा काढून घेऊन नव्हे. मी माझ्या टेबलावर लांडग्याला जुना सेव्ह परत दिला आहे आणि लढाई त्याने फारशी लांबलेली नाही.

लढाईचा तोल मोजण्याची रीतही सोपी केली आहे. आधी राक्षसांच्या संख्येनुसार गुणक लावावा लागे, तीन ते सहा राक्षस असतील तर त्यांच्या अनुभव-गुणांची दुप्पट धरायची, वगैरे. आता गुणक गेला आणि कमी, मध्यम, जास्त अशा तीनच पायऱ्या राहिल्या. हिशेब सुटसुटीत झाला, पण राक्षस थवाभर असतील तर आकडा सांगतो त्याहून लढाई जड जाते, हे ध्यानात ठेवा. पुस्तक लगेच विकत घेण्याआधी प्रकाशकांनी मोफत दिलेल्या नियमांतले राक्षस वापरून पाहा. नेहमी लागणारे बरेच जण त्यात सापडतात.

प्रश्न: माझी हाफ-एल्फ बार्ड (गाण्यातून जादू करणारी) आता कुठे जाणार? नव्या यादीत ती नाही. (एक वाचक, औंध)

उत्तर: कुठेही जाणार नाही. नव्या हँडबुकात दहा स्पीशीज (वंश) आहेत, त्यांत हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क स्वतंत्रपणे नाहीत, ऑर्क, गोलायथ आणि आसिमार मात्र आले आहेत. पण जुन्या पुस्तकातले वंश वापरण्याची मुभा कायम आहे. फरक इतकाच, की गुणांची वाढ आता वंशावरून नव्हे, तर बॅकग्राउंडवरून (पात्राच्या पूर्वायुष्यावरून) मिळते.

‘एल्फ म्हणून चपळ, ऑर्क म्हणून दांडगा’ ही जन्मावरून पात्रता ठरवण्याची रीत गेली हे मला मनापासून पटते. मात्र तिच्या जागी आलेली व्यवस्था तितकीच कर्मठ आहे, हे जाणत्या खेळाडूंचे म्हणणेही पटते. हँडबुकातल्या सोळा बॅकग्राउंडपैकी प्रत्येकाला तीन ठरलेले गुण आणि एक ठरलेली फीट आहे. शेतकऱ्याला स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन आणि विझ्डम. मग शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या जादूगाराने बुद्धी वाढवायची कशी? गोष्टीच्या दृष्टीने हेच पात्र सर्वांत रंजक, आणि नियमांनी नेमके तेच महाग केले. २०२० पासून गुण हवे तिथे ठेवण्याचा पर्याय जुन्या आवृत्तीत उपलब्ध होताच. डंजन मास्टर्स गाइडमध्ये स्वतःचे बॅकग्राउंड तयार करण्याची रीत दिली आहे. डीएमला ते पान दाखवा आणि तुमच्या बार्डला करिश्मा मिळवून घ्या.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. त्याला तिन्ही पुस्तके हवी आहेत. ती महाग आहेत, इंग्रजीत आहेत, आणि त्यांत भुतेखेते आहेत असे माझ्या जाऊबाई म्हणतात. (एक आई, बिबवेवाडी)

उत्तर: भुतेखेते आहेत, आणि त्यांना हरवायचे असते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पालकांनी या खेळाविरुद्ध मोठी ओरड केली होती. त्या भीतीत तथ्य आढळले नाही. जाऊबाईंना एकदा खेळताना बसवून घ्या.

तिन्ही पुस्तके घेऊ नका. एकेकाची छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे आणि नवशिक्यांच्या गटाला सगळे मिळून एक हँडबुक पुरते. तेही लगेच नको, कारण मूळ नियम प्रकाशकांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. नवशिक्यासाठी मात्र २०१४ च्या जुन्या प्रतीपेक्षा नवेच पुस्तक घ्या, असे मी सांगेन. जुन्यात आधी पात्र घडवायचे आणि खेळ कसा चालतो ते बऱ्याच पानांनंतर वाचायचे अशी उफराटी मांडणी होती. नव्यात पहिलेच प्रकरण खेळायचे कसे याचे आहे आणि शेवटी वर्णानुक्रमे नियमकोश आहे, त्यामुळे अडल्यावर पाने उलथीपालथी करावी लागत नाहीत. भाषेची चिंता तर सोडूनच द्या. पुस्तक इंग्रजीत असले तरी टेबलावर बोलायचे मराठीतच असते, आणि ‘मी त्या दाराला लाथ घालतो’ हे वाक्य मराठीत अधिक जोरात येते.

प्रश्न: मी कायद्याचा विद्यार्थी आहे. या नियमांचे मराठी भाषांतर करून पुस्तिका काढायचा विचार आहे. कंपनी नोटीस पाठवेल का? (एक वाचक, डेक्कन जिमखाना)

उत्तर: योग्य दस्तऐवज निवडलात तर नाही. २००० सालापासून इतरांना हे नियम वापरू देणारा एक मुक्त परवाना होता. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या बदललेल्या मसुद्याची बातमी फुटली. वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्यांकडून त्यात स्वामित्वधन मागितले होते. खेळाडूंनी डिजिटल सेवेची वर्गणी रद्द करण्याचा सपाटा लावला, आणि महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचा संदर्भ-दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला केला. २०२५ मध्ये नव्या नियमांचा दस्तऐवजही त्याच परवान्याखाली आला. हा परवाना अटी पाळणाऱ्याकडून परत काढून घेता येत नाही, म्हणून त्याचे मोल फार आहे.

तुम्ही त्या दस्तऐवजाचे भाषांतर करू शकता, त्यात बदल करू शकता आणि पुस्तिका विकूही शकता; अट इतकीच, की त्यात दिलेला श्रेयनिर्देशाचा मजकूर छापायचा आणि बदल केले असल्यास तसे नमूद करायचे. हँडबुक समोर ठेवून मात्र भाषांतर करू नका, कारण त्यातले सगळे या दस्तऐवजात नाही. प्रत्येक क्लासची एकच सबक्लास (उपशाखा) त्यात आहे, बॅकग्राउंड सोळांऐवजी चार आहेत, आणि बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअरसारखे कंपनीचे खास राक्षस वगळलेले आहेत. खेळाचे नाव आणि बोधचिन्ह मुखपृष्ठावर मिरवण्याचा हक्कही या परवान्याने मिळत नाही.

आणखी एक सुचवतो. सगळा दस्तऐवज हातात घेण्याआधी लढाईचा क्रम आणि पहिल्या लेव्हलचे चार क्लास एवढेच मराठीत करा, आणि ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही अशा चौघांना ती पाने देऊन तुम्ही शेजारी गप्प बसा. ते जिथे अडतील तिथे खूण करून ठेवा. वेपन मास्टरीच्या पानावर अडतील, असा माझा अंदाज आहे.